एल्डर मारबते आणि मुखरूचा डोंगा

सूरज मारबतेला चंद्रपुरात येऊन चार महिने झाले होते. तेवढ्यात लोकांचं त्याला औषध कंपनीचा एमआर समजून झालं होतं, विम्याचा एजंट समजून झालं होतं, आणि तुकूमच्या एका आजोबांनी तर "मीटर बदलवाले आले का?" म्हणत हाताला धरून घरात नेऊन मीटर दाखवलं होतं. दोष लोकांचा नव्हता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, काळी पँट, टाय, पाठीवर बॅग आणि छातीवर काळी पाटी. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'एल्डर मारबते' आणि खाली चर्चचं लांबलचक नाव. मे महिन्यात चंद्रपूरचं डांबर पायाखाली मऊ होतं, आणि तशा उन्हात टाय लावून सायकलीवर हिंडणारी दोन पोरं दिसली तर माणूस थांबून बघणारच.

एल्डर म्हणजे वडीलधारा. सूरज होता वीस वर्षांचा. मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चचा तो मिशनरी होता. या चर्चमधली तरुण पोरं आपल्या खुशीनं दोन वर्षं घर सोडतात आणि सांगतील त्या गावी जाऊन राहतात. पगार नाही, सुट्टी नाही, सिनेमा नाही. नावानं हाक मारायची नाही, आडनावानंच मारायची. एकटं कुठेही जायचं नाही. सोबत्यानं सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. सूरजचा सोबती एल्डर दुर्गम, सिरोंच्याच्या पलीकडचा, गोदावरी ओलांडली की लागणाऱ्या एका गावचा. तेलुगू बोलणारा, उंच, काटक आणि नियमाचा पक्का. नियमांची छोटी पुस्तिका त्याच्या खिशात असायची. पावसात ती भिजू नये म्हणून त्यानं तिला दुधाच्या पिशवीचं कव्हर घातलं होतं.

सकाळी साडेसहाला उठायचं, हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा सूरज हसला होता. त्याचं घर आरमोरीजवळ, वैनगंगेच्या काठी. बाप मनसाराम, आजा, पणजा, सगळे ढिवर. पहाटे चारला पाण्यात टाकलेली जाळी उचलायची, तेव्हा कुठे सात वाजता बाजारात मासोळी पोचते. साडेसहापर्यंत झोपायला मिळणं ही त्याच्या लेखी चैन होती. उठून व्यायाम, आंघोळ, मग तास-दोन तास अभ्यास आणि प्रार्थना. दहाला सायकली काढायच्या. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, हा इथला दंडक. त्यामुळे चर्चची जी पाच-सहा कुटुंबं शहरात होती त्यांच्याकडे जायचं, कुणी आजारी असेल तर दवाखान्यात सोबत करायची, कुणाच्या पोरीला इंग्रजीचा धडा समजावून द्यायचा, आणि ज्यांनी स्वतःहून विचारलं त्यांच्याशी देवाबद्दल बोलायचं.

सगळ्यात अवघड होता चहा. चर्चमध्ये दारू, तंबाखू तर चालतच नाही, पण चहा-कॉफीही चालत नाही. आणि विदर्भात कुणाच्या घरी जाऊन चहाला नाही म्हणणं म्हणजे घरमालकिणीच्या तोंडावर दार लावण्यासारखं. दुर्गम नुसताच हात जोडून "नको" म्हणायचा, आणि बाईचा चेहरा उतरायचा. सूरजनं पहिल्याच आठवड्यात त्यावर उपाय काढला. दारातून आत पाऊल टाकता टाकताच म्हणायचा, "काकू, ताक असन तं द्या, उन्हानं जीव गेला." ताक मागणाऱ्यावर कोण रागावतं? पावसाळा लागल्यावर ताकाच्या जागी शेंगदाणे आले.

असा तो होता. अडचण आली की तिच्याकडे थोडा वेळ बघत बसायचा आणि मग कुठून तरी वाट काढायचा. बाप सोडून सगळ्यांच्या बाबतीत त्याला हे जमलं होतं.

मनसाराम दर वर्षी धान निघाल्यावर बायको-पोरांना घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जायचा. सतराव्या वर्षी सूरज तिकडून परत आलाच नाही. हैदराबादेत फॉल्स सीलिंगच्या कामावर लागला. खोलीतल्या एका सोबत्याबरोबर एका रविवारी चर्चमध्ये गेला. तिथली माणसं साधी होती, एकमेकांची विचारपूस करणारी. तो पुन्हा गेला, पुन्हा गेला, आणि वर्षभरानं त्यानं बाप्तिस्मा घेतला. गावी येऊन सांगितलं तेव्हा माय, मैनाबाई, चुलीपुढं बसली होती. तिनं तीन प्रश्न विचारले.

"दारू पेशील?"

"नाई."

"मासोळी खाशील?"

"खाईन ना माय."

"मंग घरी येशील का नाई?"

"आता नाई. दोन वर्सं सेवा करतो, मंग येतो."

मैनाबाईनं भाकर उलटली आणि "बरं" म्हणाली. मनसाराम मात्र ओसरीत जाळं विणत होता. त्यानं वर बघितलंच नाही. विणता विणता एवढंच म्हणाला, "आपल्या देवाले मी काय सांगू?" खोटं उत्तर द्यायचं सूरजच्या मनात आलं नाही. त्या दिवसापासून बाप त्याच्याशी बोलेनासा झाला.

मिशनरी बहुधा दूर पाठवतात. सूरजला वाटलं होतं कोइंबतूर नाही तर दिल्ली मिळेल. हाती आलं चंद्रपूर, कारण इकडची बोली बोलणारं कुणी तरी पाहिजे होतं. चंद्रपूरच्या स्टँडवरून आरमोरीची बस सुटते आणि तीन तासांत पोचते. रोज सायकलीवरून जाताना तिची पाटी दिसायची. पण दोन वर्षं घरी जायचं नाही, हाही नियमच. सोमवारी कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी व्हिडिओ कॉल. मैनाबाई फोन इतका जवळ धरायची की सूरजला तिचं नाक आणि एक डोळाच दिसायचा. मागे ओसरीत मनसारामची पाठ दिसायची. पाठ कधी वळली नाही.

"बा बरा हाये?"

"बरा हाये. आयकून राह्यला सारा."

एवढ्यावर सूरजचा आठवडा निघायचा. ऐकतो तर आहे, म्हणायचा.

आणि आणखी एक नियम होता. प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी तो वाचून दाखवला तेव्हा सूरजनं हात वर केला होता. पोहायचं नाही. नदी, तलाव, समुद्र, कुठेही पाण्यात उतरायचं नाही. जगभर कितीतरी पोरं घरापासून लांब अशीच बुडाली म्हणून तो नियम आला होता. "मासोळी पकडाले बी नाई?" सूरजनं विचारलं आणि सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, पण नाही म्हणाल्या. चालता येण्याआधी पोहायला शिकलेल्या माणसाला हा नियम फार विचित्र वाटला. पण एकदा हो म्हटलं की हो. रामाळा तलावाच्या कडेनं जाताना तो हँडल घट्ट धरून समोर बघायचा. पाण्यावर बुडबुडे कुठे उठताहेत, तिथे कोणती मासोळी असेल, हे डोळ्याला दिसायचंच. त्याला इलाज नव्हता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वर्धा नदी फुगली. वर्धा भरली की शहराच्या कडेनं वाहणाऱ्या इरई नदीला तिच्यात शिरायला जागा राहत नाही, आणि इरईचं पाणी उलटं फिरून शहराच्या खोलगट वस्त्यांमध्ये घुसतं. हा पूर आवाज करत येत नाही. आधी नाल्या उलट्या वाहू लागतात, मग अंगणात ओल येते, मग चपला तरंगतात.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास आशाबाईचा फोन आला. आशाबाई चर्चमधली, नवरा कोळसा खाणीत कंत्राटावर. तिचं घर इरईकाठच्या वस्तीत, पण चढावर. "पायरीपर्यंत पाणी आलं, बापू. हे ड्यूटीवर हायेत. तांदळाचे ड्रम तेवढे उचलू लागा."

दोघं पोचले तेव्हा वस्तीतली निम्मी माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन वर चढत होती. त्यांनी तांदळाचे ड्रम माळ्यावर चढवले, सिलिंडर आणि टीव्ही वर नेला, कोंबड्या झाकणाच्या टोपलीत भरल्या. तासाभरात आशाबाईचं घर आवरून झालं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उताराकडे बघून थबकली.

"सुकरीमावशी दिसली का कोनाले?"

कुणालाच दिसली नव्हती. सुकरीचं घर सगळ्यात खाली, नदीला लागून. नवरा इतवारी लकव्यानं तीन वर्षं खाटेवर. मुलगा-सून पुण्याला कामाला. सकाळी शेजारी बोलवायला गेले तर सुकरी म्हणाली, दर वर्षी येते पाणी, उंबऱ्यापाशी थांबते. या वर्षी ते थांबलं नव्हतं. बचाव पथकाच्या दोन्ही रबरी बोटी नदीच्या दुसऱ्या अंगाच्या वस्तीत गेल्या होत्या. तिकडे माणसं जास्त अडकली होती. फोन केला तर "तासाभरात पोचतो" असं उत्तर आलं.

सूरजनं पाण्याकडे पाहिलं. आशाबाईच्या कुंपणाच्या एका खांबावर विटकरी रंगाची रेघ होती. ते आले तेव्हा पाणी तिच्या वीतभर खाली होतं. आता रेघ दिसत नव्हती.

"एका तासात इतकं चढलं," तो दुर्गमला म्हणाला. "अजून तासभर गेला तं खाटेवर जाते."

विजेच्या खांबाला एक डोंगा बांधलेला होता, जुना, फळ्यांचा, डांबर फासलेला. त्याच्याजवळ लुंगी नेसलेला एक म्हातारा उभा होता आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्याशी बांधलेला होता. तो मुखरू, इरईत चाळीस वर्षं मासोळी धरणारा. पंधरा दिवसांपूर्वी मोटरसायकलवरून पडला होता. जो दिसेल त्याला तो म्हणत होता, "डोंगा हाये ना बाप्पा, चालवनारा पाह्यजे." पोरं पुढं यायची, डोंगा हलताना बघायची आणि मागं सरायची.

सूरज बघत होता हे मुखरूनं पाहिलं. टायकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि मग उभं राहायच्या पद्धतीकडे पाहिलं. पाण्यातल्या माणसाचे पाय वेगळे पडतात.

"तू कोनाचा?"

"ढिवराचा. आरमोरीकडचा."

"मंग उभा काऊन हायेस?"

सूरजला हसू आलं, आणि लगेच पाण्याचा नियमही आठवला. तो दुर्गमकडे वळला. दुर्गमनं आधीच फोन कानाला लावला होता. बेंगळुरूला मिशन प्रेसिडेंटना, सगळ्या मिशनऱ्यांच्या प्रमुखांना, तो तिसऱ्यांदा फोन करत होता. बंद. ते त्या दिवशी विमानात होते, हे नंतर कळलं. दुर्गमनं मेसेज लिहिला, पाठवला, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आशाबाईच्या हातात दिला.

सूरजनं बूट काढले, मोजे काढले, टाय काढला. मग छातीवरच्या पाटीला हात घातला.

"टॅग कायको निकालता?" दुर्गमनं विचारलं. घाईत असला की तो हैदराबादी हिंदीत बोलायचा.

"नियम मी मोडून राह्यलो. चर्चचं नाव काऊन घेऊ त्याच्यात?"

"वो रहने दे." दुर्गमनं त्याचा हात बाजूला केला. "छुपाके करना है तो जाना नक्को. करना है तो ये पहनके कर."

सूरजनं पाटी होती तिथेच राहू दिली. त्यानं डोंगा सोडला, एक पाय आत टाकून तोल पाहिला, बांबू हातात घेतला. मागे वळून बघतो तर दुर्गम पँट गुडघ्यापर्यंत वर करून डोंग्यात चढत होता.

"तुले पोहता येत नाई," सूरज म्हणाला.

"नजरेआड होऊ द्यायचं नाही," दुर्गम शुद्ध मराठीत म्हणाला. पुस्तिकेतलं ते वाक्य त्याला मराठीतही पाठ होतं.

वाद घालायला वेळ नव्हता. डोंगा निघाला.

फार दिवसांनी सूरजच्या हातात बांबू आला होता. पहिल्या तीन ढकलांत खांदे अवघडल्यासारखे झाले, चौथ्याला सगळं आपोआप जागेवर आलं. गल्लीची नदी झाली होती. दोन्ही बाजूंना टिनाची छपरं, मधून गढूळ पाणी, त्यावर शेणकूट, थर्माकोल, एक उलटी बादली. कपडे वाळवायच्या तारा आता गळ्याच्या उंचीवर आल्या होत्या. "डोकं खाली," सूरज ओरडायचा आणि दुर्गम वाकायचा. एकदा डोंग्याच्या पोटाला काही तरी घासलं. बुडालेला हातपंप होता. फळीच्या सांध्यातून पाणी झिरपू लागलं. दुर्गम डोळे मिटून तेलुगूत पुटपुटत होता.

"प्रार्थना करून राह्यला?"

"हां."

"कर. पन डोळे उघडून कर, आन हा डबा घे, पानी उपस."

दुर्गम डोळे उघडून प्रार्थना करत पाणी उपसू लागला.

गल्ली जिथे नाल्याला मिळते तिथे ओढ होती. पाणी वरून शांत दिसत होतं, पण मधोमध एक काडी जागच्या जागी गरगर फिरत होती. सूरजनं डोंगा थांबवला. बांबू खाली टेकवून तळ पाहिला. सरळ गेलो तर ओढ नदीकडे नेणार. त्यानं डोंगा उजव्या भिंतीला लावला, खिडकीच्या गजाला धरून हातानं पुढे सरकवला, एक खिडकी, दुसरी, तिसरी, आणि ओढीच्या वरच्या अंगानं तिरपा सोडून दिला. पाण्यानंच त्याला पलीकडे नेऊन सुकरीच्या दाराशी ठेवलं.

सुकरी घरात कमरेइतक्या पाण्यात उभी होती. खाटेखाली तिनं विटांवर विटा रचल्या होत्या, आणि इतवारी वर छताकडे बघत पडला होता. पायथ्याशी एक काळी बकरी. पाणी खाटेच्या सुतळीला लागलं होतं.

"कोन व्हय?" सुकरीनं पाटी पाहून विचारलं. "सरकारी मानूस हाये का?"

"नाई मावशी. आशाकाकूनं धाडलं. चला."

"बकरी येईन का?"

"येईन. आधी बाबाले घेऊ."

इतवारीला उचलणं हे खरं काम होतं. अर्धं अंग लुळं, आणि लुळं अंग उचलताना दुप्पट जड होतं. दुर्गमनं खांद्याखाली हात घातले, सूरजनं पायांकडून धरलं, आणि गोधडीसकट त्याला डोंग्यात आडवं केलं. इतवारीला बोलता यायचं नाही. त्यानं धडधाकट हातानं दुर्गमचं मनगट पकडलं ते वर पोचेपर्यंत सोडलं नाही. पहिल्या खेपेत तो गेला, दुसऱ्या खेपेत सुकरी आणि बकरी. येताना सुकरीनं बकरीचं तोंड पदरात झाकलं होतं आणि सूरजला सांगत होती की लेक म्हणतो पुण्याला ये, पण पुण्यात बकरी कुठं बांधू?

तोवर आणखी दोन घरांच्या छपरांवरून हाका येऊ लागल्या होत्या. खाली सामान काढता काढता अडकलेली माणसं. मुखरू काठावरून डाव्या हातानं खुणा करत सांगत होता, इकडून जा, तिथं विहीर हाये, तिकडून नको. पाच खेपा झाल्या. सहा माणसं आणि तीन बकऱ्या वर आल्या. सूरजच्या तळहातांची साल निघाली, आणि पांढऱ्या शर्टाचा रंग इरईचा झाला. एकच्या सुमारास बचाव पथकाची बोट आली, जाकीट घातलेल्या माणसांनी पुढचं काम हातात घेतलं, आणि त्यांच्यातल्या एकानं सूरजला विचारलं, "कोणत्या डिपार्टमेंटचे तुम्ही?"

सोमवारी घरी कॉल लागला तेव्हा मैनाबाईच्या नाकाऐवजी स्क्रीनवर एकदम मनसारामचा चेहरा आला. आशाबाईच्या पुतणीनं डोंग्याचा व्हिडिओ काढला होता. तो फिरत फिरत आरमोरीच्या मासोळी बाजारात पोचला होता.

"वल्हं काऊन नाई घेतलं?" बापानं विचारलं. सव्वा वर्षातला हा पहिला प्रश्न.

"अरुंद होतं बा. बांबूच बरा पडला."

"हं. नाल्यापाशी तिरपा सोडला तो, ते बरं केलं." मनसाराम थांबला. "पन त्या लंब्या पोट्ट्याले मधात काऊन बसवलं? वजन मांगं पाह्यजे."

"त्याले भेव लागून राह्यला होता. मले तो दिसला पाह्यजे."

"भेव लागते त्याले मांगंच बसवाव. समोर पानी दिसत नाई."

बाप-लेक वीस मिनिटं डोंग्यावर बोलले. फळीची झीज, डांबर, ओढीचा वेग. देवाचं नाव निघालं नाही, चर्चचं नाही. शेवटी मनसाराम म्हणाला, "म्हातारा कसा हाये, लकव्यावाला?" दवाखान्यात आहे, बरा आहे, असं सूरजनं सांगितलं. "पुसत जाजो त्याले," बाप म्हणाला आणि फोन मैनाबाईकडे दिला. तिनं तो नेहमीसारखा नाकाजवळ धरला. नाकाशेजारचा डोळा तेवढा भरून आलेला दिसला.

मंगळवारी प्रेसिडेंटचा फोन आला. सूरजनं आठवड्याच्या पत्रात सगळं लिहिलं होतं. काही लपवलं नव्हतं, काही वाढवलं नव्हतं. प्रेसिडेंटनी हाताच्या जखमा विचारल्या. मग आवाज बदलला.

"एल्डर दुर्गमला पोहता येतं?"

"नाही, प्रेसिडेंट."

"जाकीट होतं?"

"नाही."

"मग त्याला सोबत का घेतलं?"

"सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही म्हणून."

"म्हणजे एक नियम मोडलास, आणि त्यातही दुसरा पाळलास," ते म्हणाले. "त्या म्हाताऱ्यासाठी तू गेलास, त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो का, मला माहीत नाही, कारण मला डोंगा चालवता येत नाही. पण दुर्गमच्या आईला मला फोन करावा लागला असता, तर काय सांगितलं असतं मी?"

सूरजला हे लागलं. पाण्यात त्याला स्वतःबद्दल एकदाही शंका आली नव्हती, आणि दुर्गमबद्दल विचार करायला त्यानं वेळच घेतला नव्हता. "चुकलं," तो म्हणाला. "त्याला काठावर मुखरूभाऊजवळ उभं करायला पाहिजे होतं. तिथून मी दिसलोही असतो."

"हेच मला तुझ्याकडून ऐकायचं होतं," प्रेसिडेंट म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यानं दुर्गमची माफी मागितली. दुर्गमनं ऐकून घेतलं, विचार केला, आणि म्हणाला की आपल्याला माफी नको, पोहायला शिकव. मग स्वतःच आठवून म्हणाला, मिशन संपल्यावर.

पुढचे पंधरा दिवस चिखल उपसण्यात गेले. पूर ओसरला की घरात वीतभर गाळ राहतो, आणि उन्हानं वाळला की तो सिमेंट होतो. म्हणून ओला असतानाच काढायचा. दोघं सकाळचा अभ्यास आटोपून फावडी घेऊन निघायचे. आता वस्तीत त्यांना कुणी एमआर म्हणत नव्हतं. पोरं "एल्डरभाऊ" म्हणून हाक मारायची. एल्डर हेच सूरजचं नाव आहे अशी त्यांची समजूत होती. देवाबद्दल फार कुणी विचारलं नाही. सुकरीनं एकदा विचारलं, तुमच्यात बकरी कापतात का? नाही, तसं काही नसतं, सूरज म्हणाला. सुकरीला ते पटलं. तिनं तेवढ्यावर धर्माची चर्चा संपवली आणि फावडं सरळ धर म्हणून सांगितलं.

मुखरू रोज यायचा, खुर्ची टाकून बसायचा आणि देखरेख करायचा. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यानं सूरजला डोंग्याकडे नेलं. हातपंपाला घासलेली फळी बदलायची होती. सूरज पाण्यात न उतरता, काठावर उकिडवा बसून, दोन तास फळी तासत होता. मुखरू शेजारी बसून आपल्या तरुणपणी इरईत धरलेल्या मरळ मासोळीची लांबी सांगत होता, आणि दर वेळी ती थोडी वाढत होती.

सप्टेंबरात बदलीचा निरोप आला. कोइंबतूर. शिवाय या वेळी वरिष्ठ म्हणून; नवीन आलेल्या पोराला तयार करायचं काम. दुर्गम नव्या सोबत्याबरोबर चंद्रपुरातच राहणार होता. बल्लारशाह स्टेशनवर त्यानं खिशातून आपली दुधाच्या पिशवीतली पुस्तिका काढली, पुन्हा खिशात ठेवली, आणि नुसताच हात मिळवला. आशाबाईनं डबा दिला. गाडी हलली तेव्हा सूरज दारात उभा होता, आणि वर्धेच्या पुलावर आल्यावर त्यानं खाली एकदा बघून पाणी किती उतरलं ते पाहून घेतलं.

कोइंबतूरला त्याचा नवा सोबती होता मणिपूरचा, अठरा वर्षांचा. घरून निघून त्याला नऊच दिवस झाले होते. दोघांनाही तमिळ येत नव्हतं. पहिल्या सकाळी तो पोरगा खाटेवर बसून बुटाची लेस बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. सूरजनं ते थोडा वेळ पाहिलं.

"एल्डर," तो हिंदीत म्हणाला, "स्वयंपाक येतो?"

पोरानं मान हलवली. येत नव्हता.

"मग आज पहिला धडा भाजीबाजार. तमिळ तिथूनच सुरू करू. बाजारात बोललं नाही तर माणूस उपाशी मरतो, म्हणून तिथे भाषा लवकर येते."

त्यानं पिशवी उचलली, छातीवरची पाटी सरळ केली आणि जिना उतरू लागला. मागून पावलं येतात की नाही ते पाहायला मधल्या पायरीवर थांबला. पावलं आली.